दूध-नोंदींच्या मार्गावर प्रोब कसे बसवावेत

दूध संकलन केंद्रावर सकाळची रांग लागलेली असावी, माप व फॅट घेण्याचे काम चालू असावे आणि नेमके त्याच वेळी केंद्रातील संगणकाने संघाच्या मुख्य संगणकाशी बोलणे थांबवावे, हा प्रसंग अनेक गावांना परिचित आहे. सचिव "सर्व्हर बंद आहे" असे सांगतो, नोंदी कागदावर उतरवतो आणि सायंकाळी त्या पुन्हा भरतो. ह्या पुनर्लेखनात ४.२ फॅटच्या जागी ३.२ पडले तर दुधाचा दर बदलतो व दहा दिवसांचे बिल हाती आल्यावर उत्पादक आणि सचिव यांच्यात तंटा उभा राहतो. बहुधा दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. दोष मार्गात असतो. परंतु तो मार्गात कोणत्या ठिकाणी व किती वेळ होता, हे दाखवणारा पुरावा कोणापाशीच नसतो.

हा पुरावा आपोआप जमा होत राहील अशी व्यवस्था करता येते. तिला लागणारी साधने म्हणजे प्रोब होत. ते कमांड लाइनवरून कसे बसवावेत, त्यांचे आकडे कसे वाचावेत आणि गावपातळीवर त्यांचा उपयोग कसा करावा, ह्याची माहिती पुढे दिली आहे. आज्ञा देण्याचे काम संघाचा संगणक सहायक करील. तथापि ग्रामसेवकांनी व केंद्राच्या सचिवांनी त्यातील पायऱ्या समजून घेणे हितावह आहे. तंटा त्यांच्याच दारी येतो.

नोंदीचा मार्ग

समजा, एका दूध संघाने आपला मुख्य संगणक क्लाउडवर ठेवला आहे. क्लाउड म्हणजे दूरच्या मोठ्या संगणक केंद्रात भाड्याने घेतलेली संगणकशक्ती. ॲमेझॉन कंपनीच्या क्लाउडचा मुंबई विभाग २०१६ साली व हैदराबाद विभाग २०२२ साली सुरू झाला. आपल्या उदाहरणातील संघाचा संगणक मुंबई विभागात आहे.

गावच्या केंद्रातील नोंद प्रथम केंद्राच्या राउटरकडे जाते. तेथून ती तालुक्याच्या शीतकरण केंद्राकडे जाते. शीतकरण केंद्र व क्लाउड यांच्यामध्ये व्हीपीएन नावाचा सुरक्षित खाजगी मार्ग असतो. त्यातून नोंद क्लाउडमधील सबनेटमध्ये, म्हणजे संघासाठी राखून ठेवलेल्या जाळ्याच्या भागात, पोहोचते. ह्या चार टप्प्यांपैकी कोणताही एक तुटला तरी सचिवाच्या पडद्यावर दिसणारे चिन्ह एकच असते. पाटाच्या टोकावरील शेतकऱ्याला पाणी मिळाले नाही म्हणजे धरणात पाणी नाही असे ठरत नाही. चारी मध्येच फुटलेली असू शकते. पाटकरी जसा ठिकठिकाणी पाणी मोजून फूट शोधतो, तसेच येथेही करावे लागते.

प्रोब म्हणजे काय

बाजार समितीत पोत्यामध्ये पोकळ सळई खुपसून धान्याचा नमुना काढतात. सबंध पोते न उघडता आतील मालाचा अंदाज येतो. संगणकाच्या जाळ्यातील प्रोब असेच काम करतो. तो ठरावीक पत्त्याकडे लहानसे पॅकेट वारंवार पाठवतो, उत्तर आले की नाही हे पाहतो आणि येण्याजाण्यास लागलेला वेळ मोजतो.

ही कल्पना नवी नाही. असे प्रश्नोत्तर करण्याची आयसीएमपी ही पद्धत सप्टेंबर १९८१ मध्ये लिखित स्वरूपात निश्चित झाली. तिच्या आधारे अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये 'पिंग' हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाण्याखालील वस्तू शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्यांनी ते नाव दिले. आजही बहुतेक प्रत्येक संगणकावर ही आज्ञा असते. परंतु पिंग माणसाने द्यावा लागतो व बिघाड माणसाची वाट पाहत नाही. म्हणून हेच काम अहोरात्र करून आकडे साठवून ठेवणारी सेवा ॲमेझॉनने डिसेंबर २०२३ मध्ये 'क्लाउडवॉच नेटवर्क मॉनिटर' ह्या नावाने उपलब्ध केली. पुढे तिला 'नेटवर्क सिंथेटिक मॉनिटर' असे नाव मिळाले. कमांड लाइनवर तिचे नाव मात्र 'नेटवर्कमॉनिटर' असेच आहे.

कमांड लाइन कशासाठी

प्रोब पडद्यावरील बटणे दाबूनही बसवता येतात. एक-दोन प्रोबसाठी ते सोयीचे आहे. परंतु संघाची ४० केंद्रे असतील तर प्रत्येकी दोन याप्रमाणे ८० प्रोब बसवावे लागतील, आणि इतक्या वेळा बटणे दाबताना चूक हमखास होते. कमांड लाइनवर एकदा बरोबर लिहिलेली आज्ञा फाइलमध्ये जपून ठेवता येते, पत्ता बदलून ती पुन्हा चालवता येते आणि कोणता प्रोब कशा रीतीने बसवला हे नंतर कोणालाही तपासता येते.

पूर्वतयारी

१. संगणकावर 'एडब्ल्यूएस सीएलआय' हा प्रोग्राम घ्यावा व 'एडब्ल्यूएस --व्हर्जन' ही आज्ञा देऊन तो चालतो याची खात्री करावी. डिसेंबर २०२३ पूर्वीच्या आवृत्तीस नेटवर्कमॉनिटर हा शब्द ठाऊक नसतो. ती आज्ञा नाकारू लागल्यास प्रथम आवृत्ती नवी करावी.

२. 'एडब्ल्यूएस कॉन्फिगर' ही आज्ञा द्यावी. ती चार गोष्टी विचारते: प्रवेश किल्लीचा क्रमांक, गुप्त किल्ली, विभाग आणि उत्तराचा नमुना. विभागाच्या जागी मुंबईचे सांकेतिक नाव 'एपी-साउथ-१' लिहावे. विभाग चुकल्यास आज्ञा दुसऱ्याच ठिकाणी जाते व आपले सबनेट तेथे सापडत नाही.

३. 'एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी' ही आज्ञा देऊन आपण कोणाच्या नावाने काम करीत आहोत हे पाहावे. खात्याच्या मूळ मालकाच्या नावाने हे काम करू नये. त्यासाठी मर्यादित अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता असावा.

४. 'एडब्ल्यूएस ईसी२ डिस्क्राइब-सबनेट्स' ह्या आज्ञेने सबनेटांची यादी मिळते. ज्या सबनेटमधून प्रोब निघावयाचे त्याचे 'एआरएन' हे पूर्ण नाव टिपून ठेवावे.

५. प्रत्येक केंद्राच्या राउटरचा व संगणकाचा पत्ता टिपावा. आपल्या उदाहरणात राउटरचा पत्ता १०.२०.५.१ व संगणकाचा पत्ता १०.२०.५.१० असा धरला आहे.

६. सबनेटकडून येणाऱ्या पॅकेटांना केंद्राच्या राउटरने व संगणकाने उत्तर द्यावे अशी मुभा त्यांच्या फायरवॉलमध्ये ठेवावी. ही पायरी विसरल्यास मार्ग धडधाकट असूनही प्रोब १०० टक्के गळती दाखवतो व सारा शोध चुकीच्या दिशेने जातो.

येथे आज्ञा उच्चारानुसार नागरी लिपीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन अक्षरांत व इंग्रजी अंकांतच द्याव्या लागतात. त्यांचे अचूक वर्णलेखन पाहण्यासाठी कोणत्याही आज्ञेच्या शेवटी 'हेल्प' हा शब्द जोडावा. म्हणजे त्या आज्ञेची संपूर्ण माहिती पडद्यावर येते.

कृती

पहिली पायरी: मॉनिटर तयार करणे. मॉनिटर म्हणजे प्रोबांचा गट. तालुक्यागणिक एक मॉनिटर ठेवणे सोयीचे पडते.

एडब्ल्यूएस नेटवर्कमॉनिटर क्रिएट-मॉनिटर --मॉनिटर-नेम दूधमार्ग --ॲग्रिगेशन-पीरियड ३०

शेवटचा आकडा सेकंदांचा आहे. तो ३० किंवा ६० असा दोनच प्रकारे देता येतो. काहीच न दिल्यास ६० धरला जातो. ३० दिल्यास दर अर्ध्या मिनिटाचा आकडा मिळतो, म्हणजे दोन तासांच्या संकलनाच्या वेळेत २४० नोंदी होतात. केवळ मॉनिटर तयार केल्याने काहीही मोजले जात नाही. प्रोब बसवल्यावरच काम सुरू होते.

दुसरी पायरी: राउटरसाठी प्रोब बसवणे.

एडब्ल्यूएस नेटवर्कमॉनिटर क्रिएट-प्रोब --मॉनिटर-नेम दूधमार्ग --प्रोब सोर्सएआरएन=(सबनेटचे पूर्ण नाव),डेस्टिनेशन=१०.२०.५.१,प्रोटोकॉल=आयसीएमपी,पॅकेटसाइझ=५६

स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडू नये, तसेच लहान व मोठी रोमन अक्षरे जशीच्या तशी लिहावीत. पॅकेटचा आकार ५६ ते ८,५०० बाइटपर्यंत देता येतो.

तिसरी पायरी: संगणकासाठी प्रोब बसवणे. येथे प्रोटोकॉलच्या जागी टीसीपी लिहावे, पत्ता १०.२०.५.१० द्यावा आणि 'डेस्टिनेशनपोर्ट' ह्या शब्दापुढे दूध-नोंदीचा प्रोग्राम ज्या पोर्टवर उत्तर देतो त्याचा क्रमांक द्यावा. पोर्ट म्हणजे एकाच घराचे निरनिराळे दरवाजे. आयसीएमपीला दरवाजा लागत नाही, म्हणून दुसऱ्या पायरीत तो दिलेला नाही.

चौथी पायरी: खात्री करणे. 'एडब्ल्यूएस नेटवर्कमॉनिटर गेट-मॉनिटर --मॉनिटर-नेम दूधमार्ग' ही आज्ञा द्यावी. आरंभी प्रोबची स्थिती 'पेंडिंग' अशी दिसते. थोड्या वेळाने आज्ञा पुन्हा देऊन ती 'ॲक्टिव्ह' झाली आहे हे पाहावे. 'एरर' दिसल्यास पत्ता, सबनेटचे नाव व आपले अधिकार ह्या क्रमाने तपासणी करावी. प्रत्येक प्रोबला मिळालेला ओळखक्रमांक केंद्राच्या नावापुढे वहीत लिहून ठेवावा.

आकडे कसे वाचावेत

प्रोबकडून मुख्यतः दोन आकडे मिळतात.

पहिला आकडा पॅकेट गळतीचा असून तो टक्क्यांत असतो. ० म्हणजे पाठवलेल्या सर्व पॅकेटांना उत्तर आले, आणि १०० म्हणजे एकालाही आले नाही.

दुसरा आकडा फेरीवेळेचा, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत येईपर्यंतच्या काळाचा. येथे एक दक्षता घ्यावी. पिंग ही आज्ञा हा काळ मिलिसेकंदांत सांगते. ही सेवा तो मायक्रोसेकंदांत सांगते. १ मिलिसेकंद म्हणजे १,००० मायक्रोसेकंद. म्हणून पडद्यावर २५,००० दिसल्यास घाबरून जाऊ नये. ते २५ मिलिसेकंद होत. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. त्यामुळे केबलने ३०० किलोमीटर दूर असलेल्या गावाची फेरी कितीही उत्तम व्यवस्था असली तरी ३ मिलिसेकंदांहून कमी होऊ शकत नाही. बाकीचा वेळ वाटेतील यंत्रे, वळणे व गर्दी यांत जातो.

कोणता आकडा चांगला, ह्याचे एकच उत्तर सर्व गावांना लागू पडत नाही. पहिले सात दिवस आकडे केवळ पाहत राहावे. प्रत्येक केंद्राची नेहमीची फेरीवेळ कळली म्हणजे पुढे होणारा बदल चटकन ध्यानात येतो. गळती १०० टक्के असताना उत्तरच येत नसल्याने फेरीवेळेचा आकडा मिळत नाही. केवळ फेरीवेळ पाहणाऱ्यास तेव्हा सारे शांत वाटते. म्हणून दोन्ही आकडे नेहमी जोडीने पाहावेत.

संघाने व्हीपीएनऐवजी 'डायरेक्ट कनेक्ट' ही थेट जोडणी घेतली असल्यास, क्लाउडच्या अखत्यारीतील मार्ग निरोगी आहे की बिघडलेला, हे दाखवणारा तिसरा आकडाही मिळतो. व्हीपीएनवर ही सोय नाही. तेथे पुढील रीतीने अनुमान करावे.

दोष कोठे आहे हे ओळखण्याची रीत

(अ) राउटरचा प्रोब उत्तर मिळवतो, परंतु संगणकाचा मिळवत नाही: दोष केंद्राच्या खोलीतच आहे. संगणक बंद आहे, नोंदीचा प्रोग्राम मिटला आहे किंवा राउटर व संगणक यांमधील केबल निघाली आहे, असे समजून पाहणी करावी.

(आ) एकाच केंद्राचे दोन्ही प्रोब गप्प आहेत व शेजारच्या गावचे व्यवस्थित चालले आहेत: त्या गावची वीज गेली आहे किंवा शीतकरण केंद्रापर्यंतची लाइन तुटली आहे. वीज आहे की नाही, हे सचिवाला दूरध्वनीवर विचारल्याने दोहोंपैकी एक कारण लगेच बाद होते.

(इ) एका शीतकरण केंद्राखालील सर्व गावे एकाच वेळी गप्प झाली आहेत: दोष शीतकरण केंद्रात, त्याच्या लाइनमध्ये किंवा व्हीपीएनमध्ये आहे. गावच्या सचिवांनी आपली यंत्रे उघडून पाहण्याचे कारण नाही.

(ई) एका सबनेटमधून सर्व गावे गप्प दिसतात, परंतु दुसऱ्या सबनेटमधून उत्तर देतात: दोष क्लाउडच्या बाजूस, बहुधा पहिल्या सबनेटच्या मांडणीत आहे. ही तुलना करता यावी म्हणून तालुक्यातील निदान एका केंद्रासाठी दुसऱ्या सबनेटमधूनही प्रोब ठेवणे इष्ट होय.

(उ) गळती नाही, परंतु फेरीवेळ नेहमीच्या कितीतरी पट झाली आहे: मार्गावर गर्दी आहे किंवा मुख्य लाइन बंद पडून काम मोबाइलच्या जोडणीवर चालले आहे.

(ऊ) दोन्ही प्रोब उत्तम आहेत, तरी नोंद पोहोचत नाही: मार्ग निर्दोष आहे व दोष नोंदीच्या प्रोग्राममध्ये असण्याचा संभव आहे. तथापि एक गोष्ट आधी तपासावी. ज्या पाणंदीतून सायकल निघून जाते तिच्यात भरलेली बैलगाडी अडकू शकते. व्हीपीएनमध्ये प्रत्येक पॅकेटला वरचे आवरण चढत असल्याने लहान पॅकेट जाते व मोठे अडते, असे कधी कधी घडते. म्हणून राउटरसाठी १,३०० बाइट आकाराचा आणखी एक प्रोब बसवून दोघांची तुलना करावी.

इशाऱ्याची व्यवस्था

दिवसभर कोणी पडद्यासमोर बसू शकत नाही. 'एडब्ल्यूएस क्लाउडवॉच पुट-मेट्रिक-अलार्म' ह्या आज्ञेने इशारा ठरवता येतो. कोणत्या प्रोबच्या आकड्यावर इशारा लावावयाचा, त्याची ओळख 'एडब्ल्यूएस क्लाउडवॉच लिस्ट-मेट्रिक्स' ही आज्ञा सांगते. गळती २० टक्क्यांहून अधिक होऊन सलग पाच मिनिटे टिकली तर संगणक सहायकास ई-मेल जावा, असा आरंभ करण्यास हरकत नाही. अनुभवाने ही मर्यादा बदलावी. एखादे पॅकेट हरवताच इशारा देणारी व्यवस्था करू नये. रोज वाजणाऱ्या घंटेकडे अखेर कोणीच लक्ष देत नाही.

काही दक्षता

गुप्त किल्ली ही तिजोरीच्या किल्लीप्रमाणे जपावी. ती आज्ञांच्या फाइलमध्ये, भिंतीवरील कागदावर किंवा मोबाइलच्या संदेशात लिहू नये.

प्रत्येक चालू प्रोबचे भाडे आकारले जाते. बंद पडलेल्या केंद्राचा प्रोब 'अपडेट-प्रोब' ह्या आज्ञेत '--स्टेट इनॲक्टिव्ह' असे लिहून थांबवावा व कायमचा नको असल्यास 'डिलीट-प्रोब' ह्या आज्ञेने काढून टाकावा.

प्रोबचे सामर्थ्य मर्यादित आहे. पॅकेट जाताना हरवले की परत येताना, हे तो सांगू शकत नाही. दुधाचे माप योग्य झाले की नाही व फॅट बरोबर लिहिली की नाही, हे तर त्याला मुळीच कळत नाही. मार्ग मोकळा होता एवढाच त्याचा दाखला. म्हणून उत्पादकास त्याच वेळी छापील किंवा हस्तलिखित पावती देण्याची पद्धत प्रोब बसवल्यानंतरही मोडू नये.

गावपातळीवरील काम

केंद्रात एक साधी वही ठेवावी. तिच्यात दिनांक, काम थांबल्याची वेळ, पुन्हा सुरू झाल्याची वेळ, त्या वेळी वीज होती की नव्हती आणि कागदावर किती नोंदी घेतल्या, हे पाच रकाने असावेत. काम थांबताच सचिवाने केंद्राच्या संगणकावरून प्रथम आपल्या राउटरला व नंतर शीतकरण केंद्राच्या राउटरला पिंग द्यावा. विंडोजवर ही आज्ञा चार पॅकेटे पाठवून आपोआप थांबते. चारपैकी किती उत्तरे आली ते वहीत लिहावे. केंद्रातील घड्याळ व संगणकाचे घड्याळ जुळलेले असावे. अन्यथा वही आणि प्रोबचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत.

दर दहा दिवसांनी, बिल होण्यापूर्वी, ग्रामसेवकांच्या समक्ष वहीतील वेळा व प्रोबच्या गळतीच्या वेळा शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या वेळी प्रोब गप्प होता त्या वेळच्या कागदी नोंदी उत्पादकांच्या पावत्यांशी एकेक करून मिळवाव्यात व जेथे फरक आढळेल तेथे पावतीप्रमाणे दुरुस्ती करून मगच बिल काढावे. ज्या वेळी प्रोबला अखंड उत्तरे मिळत होती, तरीही काम बंद असल्याची नोंद आहे, तेथे केंद्राच्या खोलीतील कारण शोधावे. अशी पाहणी दोन-तीन बिलांच्या काळात नियमाने केल्यास कोणत्या गावी बॅटरी हवी, कोणत्या गावी केबल बदलावी आणि कोठे दुसरी लाइन घेणे भाग आहे, ह्याची यादी संघापुढे आकड्यांसह ठेवता येईल.